चाळणीची भोकं

समजा, दोन सख्ख्या बहिणी एका आरोग्य शिबिराला आल्या आहेत. थोरली ४८ वर्षांची, धाकटी ४६ ची. आईला मधुमेह होता, वडिलांना नव्हता. दोघी हलकं घरकाम करतात, त्यापलीकडे व्यायाम नाही. सिस्टर टेप काढतात आणि दोघींच्या कंबरेचा घेर मोजतात. थोरलीचा ८० सेंटिमीटर भरतो, धाकटीचा ७९. मग कागदावर गुणांची बेरीज होते. थोरलीला ६०, धाकटीला ५०.

थोरलीला सांगितलं जातं, "ताई, उद्या सकाळी काही न खाता या, रक्त तपासायचंय." धाकटीला सांगितलं जातं, "तुमचं ठीक आहे, वजन तेवढं सांभाळा." एका सेंटिमीटरने दोघींची वाट वेगळी झाली.

ही गुणपद्धत खरी आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. तिचं नाव 'इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर'. तिच्यात चारच गोष्टी विचारल्या जातात. वय ३५ च्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीनंतर ३०. कंबरेचा घेर बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांचा ९० च्या आत असेल तर शून्य, त्यापुढे आधी १० आणि मग २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. अंगमेहनत भरपूर असेल तर शून्य, व्यायाम नाही आणि काम हलकं, बैठं असेल तर ३०. एकूण गुण १००. सुई नाही, प्रयोगशाळा नाही; एक टेप आणि दोन मिनिटं पुरतात. ६० किंवा त्याहून जास्त गुण पडले की धोका मोठा, रक्त तपासून घ्यायचं.

या प्रकरणाचा विषय तो ६० चा आकडा आहे. तो ५० का नाही, ७० का नाही? अशी रेघ कशी शोधतात, आणि शोधणारा नेमकं काय शोधत असतो?

दोन ढीग

मधुमेह असलेल्या सगळ्यांचे गुण एका ढिगात टाका, नसलेल्यांचे दुसऱ्या ढिगात. पहिल्या ढिगातल्या सगळ्यांना ७० च्या वर आणि दुसऱ्यातल्या सगळ्यांना ५० च्या खाली गुण असते, तर काही प्रश्नच नव्हता. मधल्या मोकळ्या जागेत कुठेही रेघ ओढली असती तरी चाललं असतं. पण खऱ्या माणसांचे ढीग असे वेगळे उभे राहत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात. सडपातळ, तरुण माणसाला मधुमेह निघतो आणि साठीतल्या, पोट सुटलेल्या आजोबांची साखर व्यवस्थित असते.

मराठीत अशा प्राथमिक तपासणीला 'चाळणी चाचणी' म्हणतात, आणि हा शब्द फार नेमका आहे. स्वयंपाकघरात पिठाची चाळण वेगळी असते आणि रव्याची वेगळी. भोकं बारीक असली तर कोंडा वर राहतो, पण त्याबरोबर थोडं चांगलं पीठही वर अडकतं. भोकं मोठी असली तर पीठ सगळं खाली येतं, आणि कोंडाही येतो. दोन्ही दोष एकाच वेळी टाळणारी चाळण बाजारात मिळत नाही. कट-ऑफ (म्हणजे ही रेघ) ठरवणं म्हणजे चाळणीची भोकं केवढी ठेवायची ते ठरवणं.

हजार माणसांचा हिशेब

शिबिराला १,००० माणसं आली आणि त्यांतल्या १०० जणांना मधुमेह आहे, पण त्यांना तो माहीत नाही, असं धरू. उरलेले ९०० निरोगी. चेन्नईच्या अभ्यासात जवळपास हेच प्रमाण होतं.

त्या अभ्यासात ६० च्या रेघेने मधुमेह असलेल्यांपैकी ७२.५ टक्के लोक पकडले. या आकड्याला संवेदनशीलता म्हणतात. मधुमेह नसलेल्यांपैकी ६०.१ टक्के लोकांना तिने बरोबर सोडून दिलं. ही विशिष्टता. अमेरिकेतले जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ साली छातीच्या एक्स-रेच्या संदर्भात हे दोन शब्द वापरले आणि ते वैद्यकात रुळले.

आपल्या हजार माणसांत याचा अर्थ असा होतो. १०० रुग्णांपैकी सुमारे ७३ रेघेच्या वर येतात आणि २७ खाली राहतात. ते २७ हुकले. ९०० निरोगी माणसांपैकी सुमारे ५४० खाली राहतात आणि ३६० वर येतात. त्या ३६० जणांना उपाशीपोटी यावं लागलं, सुई टोचून घ्यावी लागली, निकाल हाती येईपर्यंत काळजी करावी लागली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते हे. म्हणजे एकूण ४३३ जणांचं रक्त तपासायचं आणि त्यांत ७३ मधुमेही सापडायचे. दर सहा जणांत साधारण एक.

हे वाचून निराश होऊ नका. हजारच्या हजार लोकांचं रक्त तपासायचं तर लागणारा खर्च, माणूसबळ आणि वेळ विचारात घ्या. टेप आणि चार प्रश्नांच्या जोरावर ते काम निम्म्याहून कमी झालं आणि पाऊण भागाच्या आसपास रुग्ण हाती लागले. चाळण अपुरी असली तरी तिने मोठं काम केलं.

'किती बरोबर?' हा फसवा प्रश्न

कुणालाही कट-ऑफ निवडायला सांगितलं तर पहिला विचार येतो तो असा: ज्या रेघेवर सर्वांत जास्त उत्तरं बरोबर येतील ती निवडा. विचार रास्त वाटतो, पण तो खड्ड्यात नेतो.

चेन्नईच्या रेघेने सगळे मिळून ६१ टक्के लोकांबद्दल बरोबर सांगितलं. आता एक आळशी वैद्य कल्पनेत आणा. तो टेप काढत नाही, प्रश्न विचारत नाही. येईल त्याला "तुम्हाला काही नाही" म्हणतो. हजारात ९०० जणांना खरंच काही नाही. म्हणजे तो ९० टक्के बरोबर! आणि त्याने एकही रुग्ण शोधलेला नाही.

हा पेच फार जुना आहे. १८८४ साली अमेरिकेत सैन्याच्या सिग्नल खात्यातले जॉन फिनले यांनी टोर्नेडो या वादळांचे अंदाज वर्तवले. एकूण अंदाज २,८०३. त्यांपैकी १०० वेळा त्यांनी वादळ होईल म्हटलं आणि २८ वेळा ते झालं. होणार नाही म्हटलं तेव्हा २३ वेळा झालं. उरलेल्या २,६८० वेळा होणार नाही म्हटलं आणि झालं नाही. अचूकता ९६.६ टक्के. पण त्याच वर्षी ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की रोज नुसतं "वादळ नाही" म्हणत राहिलं असतं तर अचूकता ९८.२ टक्के झाली असती.

मग फिनलेंचे कष्ट वाया गेले का? चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने, तेही १८८४ मध्येच, याला उत्तर दिलं. त्याने दोन्ही ढीग वेगळे ठेवायला सांगितले. वादळ झालं त्या ५१ प्रसंगांपैकी किती आधी सांगितले गेले? २८, म्हणजे सुमारे ५५ टक्के. वादळ झालं नाही त्या २,७५२ प्रसंगांपैकी किती वेळा उगाच भीती घातली गेली? ७२, म्हणजे सुमारे २.६ टक्के. पहिल्यातून दुसरं वजा करा. फिनलेंना ५२ मिळतात. सतत "नाही" म्हणणाऱ्याला शून्य वजा शून्य, म्हणजे शून्य. अचूकतेच्या शर्यतीत पुढे गेलेला आळशी माणूस या मापाने जागच्या जागी उघडा पडतो.

योडेन यांची बेरीज

पर्सची युक्ती विस्मरणात गेली. १९५० साली ती पुन्हा सापडली, वेगळ्या माणसाला आणि वेगळ्या कामासाठी. विल्यम योडेन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पुढे अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये संख्याशास्त्राचं काम करणारे. निदानाच्या चाचण्यांना गुण कसे द्यावेत यावर त्यांनी 'कॅन्सर' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. सूत्र इतकं सोपं आहे की तोंडी सांगता येतं: संवेदनशीलता अधिक विशिष्टता, वजा एक. चाचणी निरुपयोगी असेल तर उत्तर शून्य, निर्दोष असेल तर एक.

आता रेघ शोधायची रीत उलगडते. गुणांच्या प्रत्येक आकड्यावर रेघ ओढून पाहायची, प्रत्येक वेळी ही बेरीज करायची आणि जिथे ती सर्वांत मोठी येईल तिथे थांबायचं. चेन्नईच्या ६० ला ०.७२५ अधिक ०.६०१ वजा १, म्हणजे ०.३२६.

हेच काम चित्राने करायची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या रडारमधून आली. पडद्यावर ठिपका दिसला. ते शत्रूचं विमान, की नुसता गोंगाट? यंत्राची संवेदनशीलता वाढवली तर विमान सुटत नाही, पण खोटे इशारे वाढतात. १९५० च्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी या प्रश्नाला गणिती रूप दिलं, आणि पुढे ली लस्टेड यांनी तो विचार क्ष-किरण चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरांकडे नेला. आडव्या अक्षावर खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण घ्या, उभ्या अक्षावर पकडलेल्या रुग्णांचं. प्रत्येक कट-ऑफचा एक बिंदू मांडा आणि बिंदू जोडा. या वक्राला आरओसी वक्र म्हणतात. नाणं उडवून निकाल देणाऱ्याचा वक्र तिरक्या सरळ रेषेवर पडतो. चांगल्या चाचणीचा वक्र त्या रेषेपासून डावीकडे वर फुगतो. रेषेपासून तो ज्या बिंदूवर सर्वांत उंच असतो, तो योडेन यांचा बिंदू.

वक्राखालच्या क्षेत्रफळालाही सुंदर अर्थ आहे. एक मधुमेही आणि एक निरोगी माणूस चिठ्ठी टाकून निवडला, तर मधुमेह्याचे गुण जास्त असण्याची शक्यता म्हणजे हे क्षेत्रफळ. चेन्नईच्या गुणांसाठी ते सुमारे ०.७० आहे. दहातल्या सात जोड्यांचा क्रम बरोबर लागतो. चाळण किती चांगली विणली आहे ते हा आकडा सांगतो. भोकं केवढी ठेवायची ते तो सांगत नाही.

एका हुकलेल्या रुग्णाची किंमत

इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण समाधान मानतात. बेरीज केली, सर्वांत मोठा आकडा सापडला, रेघ मिळाली. पण योडेन यांच्या बेरजेत एक निर्णय गुपचूप बसलेला आहे.

ती दोन्ही ढिगांना सारखाच मान देते, मग त्यांत माणसं कितीही असोत. आपल्या शिबिरात रुग्णांच्या ढिगातला एक टक्का म्हणजे एक माणूस. निरोगी ढिगातला एक टक्का म्हणजे नऊ माणसं. म्हणजे एक हुकलेला रुग्ण नऊ खोट्या इशाऱ्यांच्या बरोबरीचा, असा सौदा त्या बेरजेने आपल्या वतीने करून टाकला. शंभरात एकालाच आजार असता तर तोच सौदा एकास नव्व्याण्णवचा झाला असता. कुणी विचारलं नाही, कुणी संमती दिली नाही.

सौदा बदलला तर काय होईल, हे तीन रेघांवर पाहू. ६० चे आकडे वरचेच. ५० आणि ७० चे आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत. ५० वर रेघ ओढली तर १५ रुग्ण हुकतात आणि ५२० जणांना खोटा इशारा जातो. ६० वर २७ हुकतात, ३६० ना खोटा इशारा. ७० वर ५० हुकतात, २०० ना खोटा इशारा.

एक हुकलेला रुग्ण नऊ खोट्या इशाऱ्यांच्या बरोबरीचा धरला, तर नुकसान अनुक्रमे ६५५, ६०३ आणि ६५०. साठच जिंकतो. आता कुणी म्हणेल, वेळेत न सापडलेला मधुमेह डोळे, मूत्रपिंडं, पाय खातो; एक हुकणं वीस खोट्या इशाऱ्यांइतकं धरा. मग नुकसान ८२०, ९०० आणि १,२००. रेघ ५० वर उतरते. दुसरीकडे कुठे रक्त तपासायच्या पट्ट्या मोजक्याच आहेत, प्रयोगशाळा तीस मैलांवर आहे, आणि खोट्या इशाऱ्याने एका मजुराचा दिवसाचा रोज बुडतो. तिथे एक हुकणं पाच खोट्या इशाऱ्यांइतकंच धरावं लागलं, तर नुकसान ५९५, ४९५ आणि ४५०. रेघ ७० वर चढते.

माणसं तीच, चाळण तीच, गणित तेच. कोणती चूक किती महाग हे बदललं आणि रेघ सरकली. म्हणून मला मनापासून वाटतं की कुठलाही कट-ऑफ जाहीर करताना हा सौदाही मोठ्याने सांगायला हवा. रक्तपेढीत एचआयव्हीची चाचणी करताना रेघ खूप खाली ठेवतात, कारण एक दूषित पिशवी सुटणं अक्षम्य आहे आणि एक चांगली पिशवी फेकणं परवडतं. मोठी शस्त्रक्रिया ठरवताना रेघ वर ठेवतात. तिथे चुकून कापणं महाग असतं.

आपल्याकडेही आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा जो सी-बॅक फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला आजार यांचे गुण मांडले जातात. चारच्या वर गुण गेले की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. तो चारचा आकडाही असाच एक सौदा आहे. कामाचे हात किती आणि माणसं किती, हे त्यात धरलेलं असतं.

रेघेखालची रेघ

एक प्रश्न आपण अजून विचारलेला नाही. दोन ढीग केले, ते कशाच्या आधारावर? मधुमेह आहे की नाही, हे कुणी ठरवलं? रक्तातल्या साखरेने. आणि साखर कितीला 'जास्त'? तीही एक रेघच आहे.

१९७९ साली अमेरिकेत ठरलं की उपाशीपोटी साखर १४० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर मधुमेह. १९९७ साली तो आकडा १२६ वर आला. एका रात्रीत कुणाच्या रक्तात फरक पडला नाही, पण १३० वाले लाखो लोक रेघेच्या पलीकडे गेले. १२६ हा आकडा डोळ्यांच्या पडद्यांकडे पाहून निवडला गेला. अमेरिकेतल्या पिमा या मूळ रहिवाशांमध्ये, इजिप्तमध्ये आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत तज्ज्ञांनी साखरेच्या पातळीप्रमाणे माणसांचे गट पाडले आणि प्रत्येक गटात किती जणांचा नेत्रपटल बिघडला ते मोजलं. खालच्या गटांत ते प्रमाण जवळपास सपाट होतं आणि एका पातळीनंतर झपाट्याने चढत होतं. तो चढ जिथे सुरू होतो, त्या आसपास रेघ ओढली. पुढे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी, म्हणजे एचबीएवनसीसाठी, ६.५ टक्क्यांची रेघही अशाच पुराव्यावर आली.

ही रेघ शरीराला धरून आहे, म्हणून ती भक्कम वाटते. पण शरीर कुणाचं, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. उंची आणि वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचा अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून याला 'वाय-वाय' विरोधाभास म्हणतात. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात लपलेली चरबी युरोपच्या मापाने सापडत नाही, हे त्या एका चित्राने दाखवलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २५ च्या आधीच, २३ वर सावध व्हायला सांगितलं. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा असं ठरवलं.

एकाच्या अंगाप्रमाणे शिवलेला सदरा दुसऱ्याला बसेलच असं नाही. कट-ऑफचंही तसंच आहे. ज्या माणसांच्या आकड्यांवरून रेघ शोधली, त्याच माणसांवर ती तपासली तर ती नेहमी छान बसते, कारण ती त्यांच्याच मापाने शिवलेली असते. म्हणून नव्या गावात, नव्या लोकांवर तिची परीक्षा घ्यावी लागते, आणि गरज पडली तर उसवून पुन्हा शिवावी लागते.

धाकटीला काय सांगायचं?

आता शिबिराकडे परत जाऊ. धाकटीला ५० गुण होते आणि "तुमचं ठीक आहे" हे उत्तर.

हजार माणसांचा हिशेब पुन्हा काढा. रेघेच्या खाली ५४० निरोगी आणि २७ रुग्ण, एकूण ५६७. म्हणजे खाली राहिलेल्या दर एकवीस जणांत एकाला मधुमेह आहे. धाकटी तर रेघेला जवळजवळ टेकून उभी आहे. ही गुणपद्धत बनवणाऱ्यांनीही ३० ते ५० गुणांना 'मध्यम धोका' असा वेगळा गट दिला आहे. रक्त तपासायचं की नाही, हा निर्णय एकच घ्यावा लागतो, म्हणून रेघ लागते. माणसाशी बोलताना मात्र आख्खे गुण आपल्या हाती असतात.

तेव्हा सिस्टरनी धाकटीला म्हणावं, "ताई, आज तुमचे गुण पन्नास आहेत, साठला रक्त तपासतो. तुमच्या आईला शुगर होती आणि कंबर एक सेंटिमीटर वाढली की तुम्हीही साठवर येता. रोज अर्धा तास चाला, आणि पुढच्या वर्षी थोरलीबरोबर पुन्हा या. तहान फार लागली, लघवीला सारखं जावं लागलं, तर वर्षभर थांबू नका." हे सांगायला एक मिनिट जास्त लागतं. हुकणाऱ्या २७ जणांपैकी काहींना त्या एका मिनिटाने वेळेत परत आणता येईल.